आकाशातली तागडी

वाणिज्य शाखेच्या विद्यार्थिनीने उपग्रहांविषयी लिहिलेले पाहून विज्ञान शाखेतील मैत्रिणी हसतील, याची मला कल्पना आहे. त्यांनी खुशाल हसावे. पण हिशेबाच्या वहीत आम्ही ज्याला ताळा म्हणतो, तो आकाशात फिरणाऱ्या यंत्रांनाही चुकत नाही, ही गोष्ट मला २०२४ च्या दिवाळीच्या सुट्टीत माझ्या आजोळी, सौंसरला, संत्र्याच्या एका बागेत समजली. ती हकीकत सांगण्यासाठीच हा लेखनप्रपंच.

पण त्याआधी आमच्या दुकानाविषयी थोडे सांगायला हवे. बेळगाव जिल्ह्यातील आमच्या गावी वडिलांचे भुसार मालाचे लहानसे दुकान आहे. गिऱ्हाईक निम्मे मराठी, निम्मे कानडी. मी शिकले मराठी शाळेत. कन्नड मात्र मला दुकानाच्या फळीवर बसूनच आले. बाजाराच्या दिवशी शेजारच्या खेड्यातून एक म्हातारी आजी येते. जोंधळा मापून झाला की दर वेळी विचारते, "तूक सरी ऐतेन्री?" वजन बरोबर आहे ना? वडील कधी रागावत नाहीत. ते गल्ल्याच्या खालचा कप्पा उघडतात, त्यातले एक किलोचे वजन काढतात, काट्यावर ठेवतात आणि आजीला आकडा दाखवतात. आजी मान हलवते, पैसे देते. कन्नडमध्ये ताजव्याला तक्कडी म्हणतात, आपण तागडी म्हणतो. शब्द कोणी कोणाकडून घेतला हे पंडितांनी ठरवावे. संशय मात्र दोन्ही भाषांत सारखाच आहे.

ते कप्प्यातले वजन रोजच्या विक्रीत वापरायचे नाही, असा आमच्या घरचा दंडक आहे. लहानपणी मला हा निव्वळ कद्रूपणा वाटे. एकदा विचारले तेव्हा वडील म्हणाले, "रोजचं वजन हाताळून झिजतं. ज्याच्याशी ताडून पाहायचं, तेच रोज वापरलं तर चूक कळणार कशी?" इलेक्ट्रॉनिक काट्याला दरवर्षी आणि वजनांना दोन वर्षांनी सरकारी तपासणी करून शिक्का घ्यावा लागतो, हे मला पुढे अभ्यासक्रमात समजले. पण त्यामागचे तत्त्व मी त्या कप्प्यापाशीच शिकले होते.

आता सौंसरविषयी. नागपूरहून छिंदवाड्याच्या रस्त्याला लागून सावनेर ओलांडले की काही वेळाने महाराष्ट्र संपतो. मराठी मात्र संपत नाही. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेनंतरही सौंसर मध्य प्रदेशातच राहिले. आधी ते छिंदवाडा जिल्ह्यात होते, ऑक्टोबर २०२३ पासून नव्या पांढुर्णा जिल्ह्यात आहे. तिथे घरात मराठी आणि कचेरीत हिंदी; आमच्याकडे घरात मराठी आणि कचेरीत कन्नड. त्यामुळे आईचे माहेर इतके लांब असूनही मला तिथे कधी परके वाटले नाही. फरक इतकाच की आमच्याकडच्या उसाच्या जागी तिथे कापूस आणि संत्री.

मामांची तीन एकरांची संत्र्याची बाग रामाकोन्याच्या बाजूला आहे. झाडे सुमारे तीनशे तीस. दोन झाडांत आणि दोन ओळींत वीस-वीस फुटांचे अंतर. मामा आंबिया बहार घेतात, म्हणजे जानेवारी-फेब्रुवारीत फूल आणि दिवाळीच्या सुमाराला तोड. बाग बहुधा उभीच विकली जाते. व्यापारी येतो, ओळींमधून हिंडतो, चार फांद्या वर करून पाहतो आणि आकडा सांगतो. मामा त्याहून मोठा आकडा सांगतात. मग चहा होतो आणि दोन्ही आकडे हळूहळू एकमेकांकडे सरकतात. पिढ्यान् पिढ्या हा व्यवहार नजरेवर चालत आला आहे.

त्या वर्षी मात्र व्यापाऱ्याबरोबर एक तरुण आला आणि त्याने बागेत पाऊल टाकण्याआधी खिशातून मोबाइल काढला. त्यावर बागेचे वरून घेतलेले चित्र होते. मधला भाग गडद हिरवा, विहिरीजवळचा कोपरा पिवळा आणि नाल्याच्या कडेची पट्टीही पिवळी. "उपग्रहाचं चित्र आहे, काका," तो म्हणाला. "जवळजवळ तिसरा हिस्सा बाग कमजोर आहे." व्यापाऱ्याने त्यावर जो आकडा सांगितला, तो ऐकून मामी चहा ठेवायला गेल्या त्या बाहेरच आल्या नाहीत.

मामांचा आवाज चढला. "वरतून पाह्यलं त बाभूयबी हिरवीच दिसते, भाऊ! मी या झाडाइले पंधरा वर्सापासून पानी देऊन राह्यलो. मले माहीत नाई, अन् त्या आकाशातल्याले माहीत हाय?"

तरुण शांतपणे म्हणाला, "काका, यंत्र खोटं बोलत नाही."

या वाक्यावर माझ्या तोंडून दुकानातला प्रश्न निघून गेला. मी विचारले, "पण त्या यंत्राचा काटा कोण तपासतो?" त्याला उत्तर देता आले नाही. मलाही ते ठाऊक नव्हते. बागेच्या पैशांतून विहिरीच्या मोटारीचे देणे फिटायचे होते आणि मामेभावाची फी भरायची होती, तेव्हा प्रश्न गमतीचा राहिला नव्हता.

सुट्टी संपल्यावर मी आमच्या महाविद्यालयाच्या ग्रंथालयात बसून आणि पदार्थविज्ञानाच्या सरांना पुष्कळ त्रास देऊन जे समजून घेतले, ते इथेच सांगून टाकते, म्हणजे पुढची हकीकत समजायला सोपी जाईल.

उपग्रहातला कॅमेरा बाग पाहत नाही. तो बागेवरून परतलेला उजेड मोजतो. निरोगी पान तांबडा प्रकाश शोषून घेते आणि डोळ्यांना न दिसणारा अवरक्त प्रकाश भरपूर परतवते. पान आजारले की हे प्रमाण बिघडते, कधी डोळ्यांना पिवळेपणा दिसण्याच्याही आधी. आपल्या देशात या विद्येची सुरुवातच एका झाडाच्या रोगापासून झाली. १९७० च्या सुमारास प्रा. पी. आर. पिशारोटी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केरळात हेलिकॉप्टरमधून अवरक्त फिल्मवर नारळाच्या बागांची छायाचित्रे घेतली आणि मुळांच्या रोगाने ग्रासलेली झाडे त्यांत ओळखता आली. हे पिशारोटी म्हणजे पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचे पहिले संचालक. पुढे १९७९ मध्ये 'भास्कर' आणि १७ मार्च १९८८ रोजी आयआरएस-१ए हे आपले उपग्रह वर गेले.

कॅमेऱ्याच्या आत उजेड पडला की त्याची वीज होते आणि विजेचा एक आकडा होतो. काही यंत्रांत हा आकडा ० ते २५५ असतो, काहींत ० ते ४०९५. पण नुसत्या आकड्याला अर्थ नसतो. काट्यावर '५००' उमटले तर ते ग्रॅम की आणखी काही, आणि खरोखर ५०० की ४८०, हे ठरवावे लागते. कोणत्या आकड्यामागे नेमका किती उजेड, हे ठरवण्याला अंशांकन म्हणतात. उड्डाणाआधी कॅमेऱ्याला आतून पांढऱ्या केलेल्या मोठ्या पोकळ गोलासमोर ठेवतात. त्या गोलातील उजेड सगळीकडे सारखा असतो आणि किती आहे ते आधीच मोजलेले असते. तसेच पूर्ण अंधारात यंत्र कोणता आकडा दाखवते तेही टिपून ठेवतात. रिकाम्या पारड्याला काटा शून्यावर आहे ना, हे पाहण्याचाच तो प्रकार.

पण उपग्रह वर गेला की त्याला पुन्हा खाली आणून शिक्का मारता येत नाही. उड्डाणाच्या वेळी हादरे बसतात, वर प्रखर अतिनील किरण असतात, भिंगावर सूक्ष्म थर चढतो, यंत्राचे वय होते. म्हणून काही उपग्रहांत तपासणीचे दिवे ठेवलेले असतात. परंतु दिवेही म्हातारे होतात! अमेरिकेचा लँडसॅट-५ हा उपग्रह १९८४ मध्ये सोडला गेला. त्याच्या आतल्या दिव्यांवर विसंबून केलेले अंशांकन पुढे ढळलेले आढळले आणि २००३ मध्ये ते बदलून नव्याने बसवण्यात आले. म्हणजे वर्षानुवर्षांच्या वह्या पुन्हा तपासून दुरुस्त कराव्या लागल्या.

२०१३ मध्ये सोडलेल्या लँडसॅट-८ विषयी वाचताना मात्र मला ग्रंथालयात मोठ्याने हसू आले. सूर्याचा उजेड कॅमेऱ्याकडे सारखा पसरवणारा एक पांढरा पडदा त्या उपग्रहात आहे आणि त्यावरून यंत्र वरचेवर आपला काटा तपासते. उन्हाने हा पडदाही पिवळा पडणार, म्हणून शेजारी तसाच दुसरा पडदा झाकून ठेवला आहे. तो वर्षातून दोनदाच उघडायचा, आणि रोजच्या पडद्याशी ताडून पुन्हा झाकायचा. आमच्या गल्ल्याखालचा कप्पाच तो!

ही युक्ती नवीन नाही. भारताची त्रिकोणमितीय मोजणी १८०२ मध्ये मद्रासजवळ सुरू करणाऱ्या लॅम्ब्टन साहेबानेही दोन पोलादी साखळ्या ठेवल्या होत्या. एकीने जमीन मोजायची; दुसरी केवळ पहिलीशी ताडून पाहायला. ही मोजणी उत्तरेकडे सरकत आली आणि नागपूरच्या वाटेवर हिंगणघाटला जानेवारी १८२३ मध्ये त्याने देह ठेवला. त्याची कबर तिथेच आहे. मामांच्या गावापासून हिंगणघाट काही फार दूर नाही.

उपग्रहाबाहेरूनही तपासणी होते. सपाट, उजळ आणि सगळीकडे एकसारखी दिसणारी जमीन निवडतात. आपल्याकडे अहमदाबादच्या अवकाश उपयोग केंद्राचे शास्त्रज्ञ अशा कामासाठी कच्छच्या रणात जातात. डोक्यावरून उपग्रह जाण्याच्या वेळी ते मिठाच्या त्या पांढऱ्या जमिनीवरून किती उजेड परततो ते उपकरणाने मोजतात, हवेत धूळ आणि बाष्प किती ते मोजतात, आणि या हवेतून उपग्रहाला किती उजेड दिसायला हवा याचे गणित करतात. ते गणित आणि उपग्रहाचा आकडा जुळला तर ठीक. नाही तर दुरुस्ती. समुद्राचा रंग पाहणाऱ्या उपग्रहांसाठी हेच काम लक्षद्वीपमधील कवरत्तीजवळ केले गेले. अमेरिकेत नेवाडाचे कोरडे तळे, फ्रान्समध्ये ला क्रो आणि आफ्रिकेत नामिबियाचे गोबाबेब ही ठिकाणे यासाठी नावाजलेली आहेत. लिबियाच्या वाळवंटातील काही भाग वर्षानुवर्षे इतके सारखे राहतात की तिथे माणूस न जाताही जुन्या-नव्या आकड्यांची तुलना करता येते. आणि काही उपग्रह चक्क वळून चंद्राकडे पाहतात. कारण चंद्रावर हवा नाही, पाऊस नाही, गवत नाही. त्याच्या कला बदलतात, पण त्यांचे गणित मांडता येते. पृष्ठभाग मात्र बदलत नाही.

इथपर्यंत झाले काट्याचे. पण काटा खरा असला म्हणजे हिशेब खरा ठरत नाही. अमुक इतका उजेड परतला हे बरोबर असेल. त्यावरून 'बाग कमजोर' असा जो निष्कर्ष काढला, तो बरोबर आहे का? हे स्वतंत्रपणे तपासण्याला पडताळणी म्हणतात. 'स्वतंत्रपणे' हा त्यातला महत्त्वाचा शब्द. ज्या माहितीवरून गणित बसवले तिच्यावरूनच ते तपासायचे नाही. आमच्या लेखापरीक्षणाच्या पुस्तकात तरी दुसरे काय आहे? ज्याने वही लिहिली त्यानेच ती तपासून सही केली, तर त्या सहीला किंमत काय?

त्या दिवशी बागेत मला यातले अंशांकन ठाऊक नव्हते. पण चाचणी-तपासणीचा धडा नुकताच झाला होता. मी भीतभीत म्हणाले, "सगळी झाडं मोजायला नकोत. चिठ्ठ्या टाकून तीस झाडं काढू आणि त्यांवरची फळं मोजू. चित्र काय म्हणतं ते आधीच लिहून ठेवू." व्यापारी हसला, पण तयार झाला. दोनशेच्या आत फळे असतील ते झाड कमजोर, असे दोघांच्या संमतीने आधी ठरले. मोजायला त्या तरुणाबरोबर माझा मामेभाऊ, म्हणजे दोन्ही पक्षांचा एकेक माणूस. मामांना मात्र मोजणीतून वगळले.

"माह्याच बागेत मलेच बंदी?" मामा म्हणाले.

"तुम्ही पक्षकार आहात, मामा," मी म्हणाले. ते धुऱ्यावरच्या कडुनिंबाखाली जाऊन बसले आणि दोन दिवस तिथूनच पाहत राहिले.

निकाल असा लागला. तीस झाडांपैकी चित्राने नऊ कमजोर म्हटली होती. त्यांतली पाचच खरोखर कमजोर निघाली. चित्राने एकवीस चांगली म्हटली होती. त्यांतल्या चार झाडांवर फळे दोनशेच्या आत होती. म्हणजे तीसपैकी बावीस ठिकाणी चित्र बरोबर, आठ ठिकाणी चूक. आणि चुका दोन्ही बाजूंनी. जिथे नाही तिथे दोष दाखवला आणि जिथे आहे तिथे झाकला.

का, हे जमिनीवर उभे राहिल्यावर लगेच दिसले. विहिरीजवळच्या कोपऱ्यात मामांनी दोन वर्षांपूर्वी मेलेल्या झाडांच्या जागी नवी कलमे लावली होती आणि नुकतीच वखरणी केली होती. सेंटिनेल-२ उपग्रहांच्या त्या चित्रातली एक चौकट दहा मीटर लांब-रुंद असते. तेवढ्यात आमची जेमतेम तीन झाडे मावतात आणि मधली जमीनही त्यातच येते. उघडी काळी जमीन आणि लहान कलमे मिळून चौकट पिवळी झाली. त्यांच्यामधली जुनी झाडे मात्र फळांनी वाकली होती. उलट बागेच्या मधोमध तण माजले होते. ऑगस्टच्या पावसात तिथली फळे गळली होती. पण पाने हिरवी आणि खालचे गवतही हिरवे. उपग्रहाला फळ दिसत नाही, पान दिसते. आणि गवताचे पान कोणते, संत्र्याचे कोणते, हे एवढ्या मोठ्या चौकटीत त्याला सांगता येत नाही.

आमच्या तपासणीतही दोष होता, हेही कबूल करते. एका चौकटीत तीन झाडे असताना आम्ही एकेका झाडाची चित्राशी तुलना केली. आणि मोबाइल जी जागा दाखवतो तीही चार-पाच मीटरने चुकू शकते. तीन-तीन झाडांचे गट घेऊन मोजायला हवे होते. हे शहाणपण मला परत आल्यावर आले.

राहिली नाल्याकडची पट्टी. चिठ्ठ्यांमध्ये त्या बाजूची दोनच झाडे आली होती आणि दोन्ही कमजोर होती. पण विहिरीजवळची चूक पाहून तो तरुण वरमला होता. तो आपण होऊन म्हणाला, "काका, चित्र काढलं त्या दिवशी ढग होते. नाल्याकडचा पिवळेपणाही ढगाच्या सावलीचा असेल. तो सोडून देऊ." व्यापाऱ्यानेही मान डोलावली. मामांच्या बाजूने निकाल लागत होता. मी मनात मोटारीचे देणे आणि भावाची फी यांची बेरीज करू लागले होते.

मामा कडुनिंबाखालून उठले आणि काही न बोलता नाल्याकडे चालू लागले. आम्ही मागोमाग गेलो. एका झाडाच्या बुंध्याशी ते उकिडवे बसले आणि सालीवरून बोट फिरवून त्यांनी आम्हाला दाखवले. बोटाला डिंक लागला होता. शेजारच्या झाडालाही. मोजली तेव्हा आठ झाडांना डिंक्या लागलेला निघाला. नाल्याचे पाणी त्या पावसाळ्यात बुंध्यांशी साचून राहिले होते.

"काल सांजच्याले पाह्यलं मी," मामा म्हणाले. "तुमी मोजून राह्यले होते, तवा मनात आलं, एक चक्कर मारून पाहावं, आकाशातला खरं त नाई सांगून राह्यला? हे आठ झाडं धरू नका, भाऊ. याइची साव्ली नाई, याइले रोग हाय."

व्यापारी थोडा वेळ बोलला नाही. मग त्याने ती आठ झाडे वगळली, विहिरीजवळची झाडे पूर्ण धरली आणि नवा आकडा सांगितला. मामांना हवा होता त्याहून तो कमी होता, आणि त्याच्या पहिल्या आकड्यापेक्षा बराच अधिक. यंदा चहा सौद्यानंतर झाला. मोटारीचे देणे फिटले. फीचे निम्मे पैसे मात्र उसने घ्यावे लागले.

रात्री मामी म्हणाल्या, "गप राह्यले असते त बिघडलं असतं का काई?" मामा जेवता जेवता म्हणाले, "तागडी त्याची रायली का माही, खोटी नाई चालत." पुढे कोणी काही बोलले नाही. मला त्या वेळी मामी चुकीच्या वाटल्या नाहीत, आजही वाटत नाहीत. फीची चिंता त्यांनाच अधिक होती.

दुसऱ्या दिवसापासून मामांनी नाल्याच्या बाजूने चर खोदला, झाडांची डिंकाळलेली साल खरवडली आणि बुंध्यांना बोर्डोचा मलम लावला. २०२५ च्या उन्हाळ्यात फोन केला तेव्हा म्हणाले की दोन झाडे काढावी लागली, सहा वाचली. चित्र नसते तर त्या कोपऱ्याकडे आपण तोडीपर्यंत फिरकलोही नसतो, हेही त्यांनी आपण होऊन सांगितले. पंधरा वर्षे पाणी देणाऱ्या माणसाच्या तोंडून हे ऐकणे सोपे नव्हते आणि त्यांना बोलणेही सोपे गेले नसावे.

या सगळ्यातून मी उपग्रहाच्या विरोधात गेले, असे कोणी समजू नये. उलट माझा आदर वाढला. आधी मला वाटे की एवढ्या उंचीवरचे यंत्र, ते चुकेलच कसे? आता वाटते की ते विश्वासाला पात्र आहे ते उंचीमुळे नव्हे. त्याच्यामागे कोणीतरी कच्छच्या उन्हात मिठावर उभे राहून ताळा पाहतो, कोणी झाकलेला पडदा वर्षातून दोनदा उघडतो, चूक सापडली की जुन्या वह्या दुरुस्त करतो, म्हणून ते विश्वासाला पात्र आहे. आमच्या बागेत मात्र या साखळीची शेवटची कडी तुटलेली होती. काटा वर तपासला होता. पण त्यावरून काढलेला निष्कर्ष सौंसरच्या काळ्या जमिनीवर, वीस फुटांवर लावलेल्या संत्र्यांत कोणी तपासला नव्हता, आणि तरीही त्यावर पैशांचा व्यवहार होऊ घातला होता. आता अशी चित्रे मोबाइलवर सहज मिळतात. उद्या कर्ज, विमा, भाव यांसाठी ती आणखी पुढे येतील. तेव्हा शेतकऱ्याने यंत्रावर चिडून उपयोग नाही आणि यंत्रवाल्याने शेतकऱ्याला अडाणी समजूनही उपयोग नाही. चार झाडांपर्यंत दोघांनी मिळून चालत जावे, एवढेच.

घरी परतल्यावर वडिलांना सगळे सांगितले. झाकून ठेवलेल्या पडद्याची गोष्ट त्यांनी दोनदा ऐकली. पुढच्या बाजाराला ती आजी आली, जोंधळा मापून झाला आणि तिने नेहमीचा प्रश्न विचारला, "तूक सरी ऐतेन्री?" त्या दिवशी फळीवर मी होते. मी कप्पा उघडला, वजन काट्यावर ठेवले आणि आकडा स्थिर होईपर्यंत आम्ही दोघीही त्याच्याकडे पाहत राहिलो.

(बी. कॉम., तृतीय वर्ष)